जाम झालेला डिझेल फिल्टर आणि ‘आरपार स्क्रूड्रायव्हर’चा सल्ला

जुन्या डिझेल गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक मेसेज कायम फिरत असतो. त्याचं सार असं: डिझेल फिल्टर बदलताना तो जाम झालेला असेल, सुटत नसेल, तर त्याच्या डब्यात जाड स्क्रूड्रायव्हर आरपार ठोका आणि फिरवा. नाहीच हलला तर गंज सोडवणारं तेल मारा किंवा ज्योत दाखवा, डिझेल काही पेट घेत नाही. नवा फिल्टर डिझेलने काठोकाठ भरा, पान्याने गच्च आवळा आणि गाडी सुरू होईपर्यंत सेल्फ मारत राहा.

माझ्या गाडीचा फिल्टर मी बरीच वर्षं स्वतःच बदलतो. यातली पहिली सूचना मी एकदा पाळली होती, म्हणून हे लिहितोय.

स्क्रूड्रायव्हर ठोकला की डब्याचा पत्रा आपल्या जोराने फिरतो आणि त्याच्यासोबत आटे सुटतात, अशी कल्पना असते. पण हा पत्रा पातळ असतो. माझ्या वेळी डबा जेमतेम पाव फेरा फिरला, भोकाची चीर झाली, चीर वाढत गेली आणि शेवटी डबा माझ्या हातात आला. आटे असलेली जाड चकती आणि रबरी रिंग मात्र वर हेडलाच, म्हणजे फिल्टर ज्याला बसतो त्या भागालाच, चिकटलेली. कोपरापर्यंत काळं, गाळ मिसळलेलं डिझेल ओघळत होतं आणि गाडी तिथेच अडकली, कारण फुटलेल्या फिल्टरवर ती गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. चकतीच्या भोकांच्या कडेला बोथट छिन्नी टेकवून हलक्या हाताने ठोकत ठोकत ती उलट फिरवली, तेव्हा कुठे सुटली. छिन्नी जरा घसरली असती तर अॅल्युमिनियमच्या हेडवर ओरखडा आला असता आणि त्या जागी नवी रिंग कधीच नीट बसली नसती. शिवाय चकतीचं मधलं भोक म्हणजे गाळून झालेल्या डिझेलची वाट. पत्र्याचे कण तिथे गेले तर पुढे थेट पंप आहे. काही फिल्टरांमध्ये हेडचा आटेवाला दांडा मधून खाली आलेला असतो; स्क्रूड्रायव्हर त्याच्यावर बसला तर हेडच बदलावं लागतं.

हा उपाय कधीच चालत नाही असं मी म्हणणार नाही. पण तो सगळे उपाय थकल्यावर करायचा, आणि मेसेज त्याला पहिल्या नंबरवर ठेवतो.

त्याआधी बघायचं ते दिशेकडे. फिल्टर हेडला खाली लटकलेला असतो. खालून बघितलं तर तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. आपण मात्र बॉनेट उघडून वरून वाकलेले असतो, आणि वरून तोच फेरा घड्याळाच्या दिशेने दिसतो. ‘जाम आहे, हलतच नाही’ म्हणत माणूस तो आणखी आवळत राहतो. मी तर डब्यावर खडूने बाण काढून ठेवतो.

मग पकड. पट्ट्याचा पाना डब्याच्या पोटावर लावला की पत्रा चेपतो. तो वर, हेडच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा. तिथे आतून चकतीचा आधार असतो, म्हणून पत्रा चेपत नाही. पट्टा घसरत असेल तर डब्यावरचं तेल पुसून पॉलिश पेपरची पट्टी मध्ये घालावी, खरखरीत बाजू डब्याकडे. आणि हिसके न देता ताण सावकाश वाढवत न्यायचा. रबर सुटताना एक बारीक ‘कर्र’ ऐकू येतो. तो ऐकू आला की काम झालं.

हे सगळं पत्र्याच्या, फिरवून बसवायच्या फिल्टरबद्दल झालं. काही गाड्यांत फिल्टर ज्यात बसतो त्या घराला प्लास्टिकचं झाकण असतं. त्याच्या षटकोनी डोक्याला नेमक्या मापाचं सॉकेटच लावायचं, साध्या पान्याने कडा गोल होतात. आणि जिथे फिल्टरला दोन्हीकडून पाइप क्लिपने जोडलेले असतात, तिथे बहुतेक वेळा अडकलेला असतो तो पाइपचा लॉक. कडेची धूळ धुवायची, पाइप आधी किंचित आत ढकलायचा, मग लॉक दाबून बाहेर ओढायचा. आत ढकलल्याशिवाय लॉक मोकळा होत नाही, आणि जुनं प्लास्टिक नुसतं ओढलं तर तुटतं. इथे स्क्रूड्रायव्हर ठोकून काय साधणार आहे?

गंज सोडवणाऱ्या तेलाने नुकसान नाही, पण बहुतेक वेळा उपयोगही नाही. फिल्टरचे आटे कायम डिझेलमध्ये असतात, ते सहसा गंजत नाहीत. चिकटलेली असते ती बाहेरची रबरी रिंग, आणि तिच्या खाली ते तेल शिरत नाही. पाणी काढायचा स्क्रू किंवा ब्रॅकेटचा बोल्ट गंजला असेल तर तिथे रात्रभर तेल मारून ठेवावं, फरक पडतो.

ज्योतीचा सल्ला मात्र सरळ धोक्याचा आहे. थंड डिझेलच्या थारोळ्यात काडी विझते, हे बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं आणि त्यावरून ‘डिझेल पेटत नाही’ हा समज पसरतो. युरोपच्या ईएन ५९० मानकानुसार डिझेलचा ज्वलनबिंदू ५५ अंश सेल्सिअसच्या वर असावा लागतो; म्हणजे त्याच्याखाली वाफ पेटण्याइतकी जमत नाही, एवढंच. डब्यावर ज्योत धरली तर पत्रा ५५ अंश केव्हाच ओलांडतो आणि आतलं डिझेल वाफ धरतं. डिझेलने भिजलेली चिंधी तर वातीसारखी काम करते. आणि साधारण २१० अंशांच्या पुढे डिझेल ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. नुकत्या बंद केलेल्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा भाग, त्याहून तापलेला असू शकतो. ऊब द्यायचीच असेल तर गाडी थोडी चालवून आणा आणि इंजिन कोमट होईपर्यंत थांबा. तेवढ्याने रबर नरम पडतं.

नवा फिल्टर भरून बसवायचा सल्ला अर्धा खरा आहे. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीत भरलेला फिल्टर, बदलताना आत शिरलेली हवा काढायचं काम सोपं करतो, पण डिझेल बाहेरच्या छोट्या भोकांतून घालायचं. मधल्या भोकातून घातलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे एकाच सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांना) मोठ्या दाबाने डिझेल मिळतं, तिथे मी फिल्टर रिकामाच बसवतो. १९९७च्या पहिल्या कॉमन रेल गाड्यांतसुद्धा दाब १३५० बारपर्यंत जायचा, आणि तो दाब धरणाऱ्या इंजेक्टरच्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते. कॅनमधून आलेला धुळीचा एक कण तिथे फार मोठा ठरतो.

आता ‘गच्च आवळा’. माझा सगळ्यात जास्त राग या वाक्यावर आहे, कारण हाताने सुटायला हवा असा फिल्टर बहुतेक वेळा यामुळेच जाम होतो. मागच्या वेळी कुणीतरी कोरडी रिंग लावून, पान्यावर जोर देऊन तो आवळलेला असतो. रबर चेपतं, इंजिनाच्या उष्णतेने कडक होतं आणि हेडला चिकटून बसतं. बसवताना रिंगला बोटाने डिझेल लावायचं, ती हेडला टेकेपर्यंत हाताने फिरवायचं, आणि तिथून डब्यावर छापलेलं असेल तेवढंच पुढे. बहुतेकांवर अर्धा ते पाऊण फेरा लिहिलेला असतो. त्याआधी हेडवरून बोट फिरवून बघायचं, कारण जुनी रिंग कधी कधी वरच चिकटून राहते. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर कितीही आवळा, सांधा बसत नाही.

आणि ‘गळत नाही म्हणजे घट्ट आहे’ असं बरेच जण धरून चालतात, पण तेही सगळ्या गाड्यांना लागू नाही. अनेक जुन्या गाड्यांमध्ये पंप टाकीतून फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो. तिथे सांध्यातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली थेंबसुद्धा पडत नाही, पण गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी चार-चार वेळा सेल्फ खाते. फिल्टरनंतर पारदर्शक पाइपचा तुकडा असेल तर त्यात बुडबुडे दिसतात.

शेवटी सेल्फ. डिझेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. हवा भरलेल्या पंपाने सेल्फ मारत राहणं म्हणजे तो कोरडा घासणं, शिवाय स्टार्टर तापतो आणि बॅटरी बसते ती वेगळीच. हेडवर किंवा पाइपमध्ये हातपंप असेल तर तो घट्ट लागेपर्यंत दाबायचा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून बुडबुडे थांबेपर्यंत. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली ऑन करून थोडं थांबायचं, बंद करायची, असं काही वेळा. मग सेल्फ, एका वेळी १०-१५ सेकंद, मध्ये विश्रांती. कॉमन रेल गाडीत हवा काढायला म्हणून इंजेक्टरचे पाइप कधीही सैल करू नका. त्या दाबाची धार कातडीच्या आत शिरते.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी. फिल्टरच्या तळाशी पाण्याचा सेन्सर असेल तर जुना डबा टाकून देण्याआधी तो काढून, नवी ओ-रिंग लावून नव्या फिल्टरला बसवायचा असतो. त्याची वायर फिल्टर फिरवायच्या आधी सोडवा, नाहीतर पीळ पडून तुटते. आणि फिल्टरच्या खाली अल्टरनेटर किंवा बेल्ट असेल तर त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधा. डिझेल सांडलं की रबर फुगतं.

गाडी सुरू झाली की पाचेक मिनिटं तशीच चालू ठेवा आणि सांध्याभोवती कोरडा कागद फिरवा. कागद कोरडा निघाला तरी मी लगेच हत्यारं आवरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, ती पहिल्या सेल्फला सुरू झाली की मगच पट्ट्याचा पाना पेटीत जातो.