‘एसव्हीजीत सेव्ह केलं की वेक्टर झालं’ म्हणे!

डिझाइनच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो: ‘जेपीजी लोगो इलस्ट्रेटर किंवा कोरलमध्ये घ्या, एसव्हीजी किंवा पीडीएफ करून सेव्ह करा, झाला वेक्टर. डीपीआय 300 करा. तरी फुटला तर ट्रेस मारा. वेक्टर फाइलला रिझोल्यूशनची भानगडच नसते.’ चार वाक्यं, आणि धड एकही नाही. (वेक्टर म्हणजे बिंदू आणि रेषांच्या आकड्यांनी साठवलेलं चित्र, मोठं केलं तरी धार जात नाही. जेपीजी म्हणजे पिक्सेल या रंगीत ठिपक्यांचं चित्र, फार मोठं केलं की फुटतं.)

आधी फॉरमॅटचं. एसव्हीजी, पीडीएफ, ईपीएस या तिन्हींत वेक्टर आकार राहतात, तसेच पिक्सेलवाले फोटोही राहतात. नाव बदललं म्हणून आतला माल बदलत नाही. खात्री करायची तर ती एसव्हीजी नोटपॅडमध्ये उघडा. लोगो खरंच वेक्टर असेल तर ‘पाथ’सारखे टॅग आणि त्यांत बिंदूंचे आकडे दिसतील. जेपीजी नुसता आत कोंबलेला असेल तर एक ‘इमेज’ टॅग आणि त्यापुढे बेस-64 मधली (फाइलचे बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत), संपता न संपणारी अक्षरं. बेस-64 मध्ये दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे वेक्टर झालाच नाही, वर डेटा एक तृतीयांशाने फुगला! नोटपॅडचा कंटाळा असेल तर इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय दाबा, म्हणजे नुसत्या बाह्यरेषा दिसतात. लोगोच्या रेषांऐवजी रिकामी चौकट दिसली की काय ते समजा.

आता 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके. लोगो 600 पिक्सेल रुंद आहे असं धरा. दोन इंचांत छापला तर इंचाला 300 पिक्सेल, एकदम झकास. तोच ओढून 24 इंच केला की इंचाला 25 उरतात, म्हणजे एकेक पिक्सेल साधारण एक मिलिमीटरचा, पट्टीने मोजता येईल असा. फोटोशॉपमध्ये रीसॅम्पल (पिक्सेलची संख्या बदलण्याचा पर्याय) बंद ठेवून 72 चे 300 केले तर पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त छपाईचं माप आक्रसतं. रीसॅम्पल चालू ठेवलं तर पिक्सेल वाढतात खरे, पण शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले. आकडा टाइप करण्यापेक्षा इलस्ट्रेटरच्या लिंक्स पॅनलमध्ये बघा, ठेवलेल्या मापाला खरा पीपीआय (इंचाला पिक्सेल) किती पडतोय ते तिथे कळतं.

ट्रेसची, म्हणजे प्रोग्रॅमकडून चित्र आपोआप पाथमध्ये गिरवून घेण्याची, गोष्ट अर्धी खरी. स्वच्छ स्कॅन केलेली सही किंवा एकरंगी चिन्ह असेल तर ट्रेस छान काम करतो. पण लहान जेपीजीच्या कडांभोवती कॉम्प्रेशनचा कचरा असतो, आणि ट्रेस त्याचेही इमानदारीत पाथ बनवतो. सरळ रेषेवर नको तितके नोड (पाथचे बिंदू) येतात, अक्षरांचे कोपरे गोल होतात. अशा वेळी फॉन्ट ओळखून नाव पुन्हा टाइप करणं आणि चिन्ह पेन टूलने काढणं परवडतं. चेहऱ्याच्या फोटोला तर ट्रेस मारूच नका. त्वचेचे हलके उतार जाऊन रंगांचे ठिगळ उरतात. रंग वाढवले तर हजारो पाथ होऊन फाइल रांगायला लागते.

राहिली रिझोल्यूशनची भानगड. इलस्ट्रेटरमधली ड्रॉप शॅडो आणि ब्लर हे इफेक्ट पिक्सेलमध्येच तयार होतात. त्यांचं रिझोल्यूशन इफेक्ट मेनूतल्या ‘डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्ज’मध्ये ठरतं. तिथे 72 राहिलं तर अक्षरं कापल्यासारखी धारदार आणि मागची सावली भरड, असा छाप हातात येतो.

फोटो फोटो म्हणूनच वेक्टर फाइलमध्ये ठेवण्यात काहीही गैर नाही, हवे तेवढे पिक्सेल असले म्हणजे झालं. फक्त तो लिंक केलेला (फाइलच्या आत नसून बाहेरून जोडलेला) असेल तर मूळ फाइलसोबत फोटोही पाठवा.