एका सेंडला एक रिसीव्ह? कोणी सांगितलं?

"दादा, माझ्या मशीनवर तर चालतंय." अंधेरीच्या आमच्या ऑफिसात नेटवर्कचे प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांकडून हे वाक्य कानावर पडलं की डोकं फिरतं. समोरच्याने एकदा पाठवलं (सेंड) की आपण एकदाच वाचून (रिसीव्ह) सगळं मिळतं, असं धरून बसलेली ही मंडळी. चालणारच ना! क्लायंट (जोडणी मागणारा प्रोग्राम) आणि सर्व्हर (ती स्वीकारणारा) दोन्ही तुझ्याच लॅपटॉपवर, १२७.०.०.१ वर, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावर. न चालायला झालंय काय?

कोड उघडावा तर तेच. सॉकेट (जोडणीचं आपलं टोक), कनेक्ट, सेंड आणि मग १०२४ बाइट्सचा एकच रिसीव्ह. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या लूपचा पत्ता नाही. अरे बाबांनो, टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरून डेटा नेण्याची ठरलेली पद्धत, हा नुसता बाइट्सचा प्रवाह, १९८१ च्या आरएफसी ७९३ या तिच्या मानक दस्तऐवजापासून. तुमचा मेसेज कुठे संपतो याचं त्याला सोयरसुतक नाही. समोरून एकदाच पाठवलेलं तुमच्याकडे तीन तुकड्यांत येईल, नाहीतर दोन मेसेज विरार लोकलमधल्या माणसांसारखे एकमेकांना चिकटून. आधी लांबी पाठवा किंवा शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) ठेवा, आणि पूर्ण येईपर्यंत वाचत राहा. एवढंच तर आहे!

बरं, कोणी लूप लावलाच, तर रिसीव्हने शून्य दिलं म्हणजे समोरच्याने आपली बाजू बंद केली. ते शून्य तपासतंय कोण? प्रोग्राम रिकामाच गरगरतो, लॅपटॉपचा पंखा कोकलतो आणि साहेब खाली टपरीवर कटिंग मारतायत.

परवा एकाने उपाय काय काढावा? रिसीव्हच्या आधी दोन सेकंदांचा स्लीप, म्हणजे प्रोग्राम नुसता थांबवून ठेवायचा! वर म्हणतो, "आता येतं सगळं." येतं रे, इथे येतं. जुलैच्या पावसात मोबाइलचं नेटवर्क रडत असेल तेव्हा काय, स्लीप वाढवत बसणार? कपाळ माझं!