पऱ्हाटी उपटायला मन होत नाही, तरी उपटा

डिसेंबर सरत आला की ओलिताच्या पट्ट्यात गावोगाव एकच बोलणं कानावर येतं. "अजून एक पाणी देऊन पाहू, दोन-तीन क्विंटल निघन." पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, शेंड्याला पात्या-फुलं असतात, विहिरीत पाणी असतं, भाव चढेल अशी हवा असते, आणि परतीच्या पावसानं खालची बोंडं सडवलेली असतात. ते गेलेलं भरून काढायचं असतं. मग युरिया पडतो, पाणी सुटतं आणि फरदड सुरू होते, म्हणजे हंगाम सरल्यावरही तेच पीक खत-पाण्यावर उभं ठेवणं.

माझं मत सरळ आहे. फरदड घेऊ नका. गुलाबी बोंडअळीचं कारण तर आहेच, ते पुढे सांगतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की कापसात जीव ओतणं आणि वेळ आली की हात सोडणं, ही दोन्ही कामं एकाच कास्तकाराला करावी लागतात. जीव ओतायला आपल्या माणसांना कोणी शिकवायची गरज नाही. हात कधी सोडायचा हे मात्र कोणी सांगत नाही, आणि विदर्भातला कास्तकार सगळ्यात जास्त तिथेच नागवला जातो.

आधी जीव ओतण्याचं बोलू, कारण त्यातही गफलत होते. खूप फवारण्या केल्या म्हणजे पिकाची खूप काळजी घेतली, असं आपल्याकडे मानतात. गुलाबी बोंडअळीपुढे हा हिशेब चालत नाही. पतंग रात्री फिरतो, पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि लगोलग आत शिरते. शिरतानाचं छिद्र एवढं बारीक की बोंड वाढता वाढता ते बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार, टणक, आणि आत सरकी खाल्ली जात असते. एकदा अळी आत गेली की बाटली कितीही महागाची असो, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे तुमची सगळी मेहनत ती आत शिरण्याआधीच्या त्या थोड्या दिवसांत लागली पाहिजे, आणि ते दिवस कॅलेंडरवर लिहिलेले नसतात. ते वावरात जाऊन पाहावे लागतात.

पाहायचं कसं? पेरणीला पंचेचाळीस दिवस झाले की एकरी दोन कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासाची गोळी ठेवून नर पतंग पकडणारे सापळे. सापळा शेंड्याच्या वर फूट-दीड फूट राहिला पाहिजे. इथेच पहिली चूक होते. ऑगस्टात लावलेला सापळा सप्टेंबरात पऱ्हाटीत बुडतो, मग पतंग सापडत नाहीत आणि माणूस म्हणतो, यंदा अळी नाही. काठी उंच घ्या, पीक वाढेल तसा सापळा वर सरकवा. आतली गोळी तीन-चार आठवड्यांनी बदला. तंबाखूचा खर्रा घोटलेल्या किंवा औषधाच्या हातानं तिला शिवू नका, वास बिघडतो. रोज सकाळी पतंग मोजा आणि पिशवी रिकामी करा. पिशवी रिकामी केली नाही तर कालचे पतंग आजच्यात मोजले जातात. एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सलग तीन रात्री आले, तर ती फवारणीची वेळ. पोळ्याच्या अमावस्येच्या मागे-पुढे नजर जास्त ठेवा, अंधाऱ्या रात्रींत अंडी घालणं वाढतं.

फुलं लागली की डोमकळ्या शोधा. चांगलं फूल पाकळ्या मोकळ्या सोडून उमलतं. डोमकळीच्या पाकळ्या टोकाला रेशमासारख्या धाग्यानं बांधलेल्या असतात, फूल फुगतं पण उघडत नाही. अलगद उकललं की आत परागांत बसलेली अळी दिसते. अशी फुलं तोडून पिशवीत घ्या आणि वावराबाहेर नेऊन नष्ट करा. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकली तर अळी तिथेच आपलं पुरं करते.

बोंडं लागली की दर आठवड्याला वीस बोंडं फोडा. पूर्ण एकर आडवं-तिडवं फिरून वीस झाडं, प्रत्येकाचं एक बोंड, दहा ते वीस दिवसांचं, अंगठ्यानं दाबलं तर किंचित दबणारं. फक्त कडेच्या झाडांची तोडाल तर अंदाज चुकेल. चाकूनं फोडा आणि टरफलाची आतली बाजू नीट पाहा. तिथे बारीक गाठ किंवा तपकिरी वाट दिसते. लहान अळी पांढरी, डोकं काळसर. गुलाबी रंग मागाहून चढतो, म्हणून फक्त गुलाबी शोधणारा माणूस लहान अळी सोडून देतो. वीसात दोन बोंडं किडकी निघाली की दहा टक्के झाले, आता फवारा. एकच निघालं तर थांबा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहा.

हे थांबणं फार जड जातं, ठाऊक आहे. शेजाऱ्याच्या वावरातून पंपाचा आवाज येत असताना आपण हातावर हात ठेवून कसं बसायचं? मनात धास्ती असली की माणूस कृषी केंद्रावर जातो आणि तिथून रिकाम्या हातानं कोणी परत येत नाही. एका टाकीत कीटकनाशक, टॉनिक, बुरशीनाशक, विद्राव्य खत असं चार-पाच प्रकारचं कालवून मारतात. त्यात पायरेथ्रॉइड गटातलं औषध लवकर मारलं तर मित्रकिडी मरतात, पांढरी माशी उसळते आणि तिच्यासाठी पुन्हा फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दाट फांद्या, उन्हाचा चटका, औषधांची मिसळ, तोंडावर साधा रुमालही नाही. त्याच हंगामात बोंडअळीनंही पीक खाल्लं. ती औषधं भीतीपोटी मारली जात होती आणि अळी तर बोंडाच्या आत होती.

पहिल्या दोन महिन्यांत शक्यतो निंबोळी अर्कावरच भागवा. वाळलेल्या निंबोळ्यांची भरड पाच किलो, नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. वेगळ्या एक लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबण विरघळवा. सकाळी फडक्यानं गाळा, दोन्ही एकत्र करा आणि पाणी घालून शंभर लिटर करा. हा पाच टक्के अर्क झाला. त्याच दिवशी वापरा आणि उन्हं उतरल्यावर मारा, कडक उन्हात त्याचा गुण जातो. निंबोळ्या मात्र जून-जुलैत वेचून, वाळवून ठेवाव्या लागतात. सप्टेंबरात आठवण झाली तर उपयोग नाही.

एवढं सगळं चोख केलं तरी कापूस जाऊ शकतो. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, पण खरं आहे. पंधरा दिवसांची झड लागली की बोंडं सडतात, ढगाळ हवेत पात्या गळतात, आणि शेजारच्या वावरात उन्हाळ्यात पऱ्हाटी उभी राहिली असेल तर तिथले पतंग तुमचा धुरा विचारून येत नाहीत. बियाण्यावर तर आपली सत्ताच नाही. दोन जनुकांचं बीटी बियाणं, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं, २००६ साली आलं, तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असं सांगितलं गेलं. दहा वर्षांच्या आत आधी गुजरातेत आणि मग आपल्याकडे गुलाबी अळी ते पचवू लागली. २०१७ ला विदर्भात कितीकांनी उभ्या पिकात नांगर घातला. त्यात कास्तकाराच्या काळजीची उणीव होती असं कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

आता फरदड. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत गुलाबी अळी सुप्तावस्थेत जाते. किडक्या बोंडात दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या मध्ये ती पडून राहते, ना खाते ना वाढते. पीक वेळेवर निघालं, काडीकचरा वावरातून गेला, तर तिची पुढची पिढी मोडते. मे-जूनच्या पहिल्या पावसावर जे पतंग बाहेर पडतात, त्यांना अंडी घालायला पाती-फूल मिळालं नाही तर ते आठ-पंधरा दिवसांत मरून जातात. म्हणून कापसाविना पाच-सहा महिने वावर राहणं हे बोंडअळीवरचं सगळ्यात स्वस्त औषध आहे, आणि म्हणूनच मे महिन्यात ओलितावर लावलेला कापूसही घातक. फरदडीत आपण नेमकं उलटं करतो. पाणी देऊन फुलं टिकवतो, अळीला जानेवारी-फेब्रुवारीतही खायला घालतो. वर कापूस निघतो तो आखूड धाग्याचा, डागी, कवडी म्हणजे नीट न फुललेला कडक कापूस जास्त. व्यापारी त्याला वरच्या कापसाचा भाव देत नाही. शेवटचे ते दोन-तीन क्विंटल पुढच्या हंगामाच्या पहिल्या वेचणीतून वसूल होतात, तुमच्याही आणि शेजाऱ्याच्याही.

म्हणून सुचवतो: सीतादहीची, म्हणजे वेचणीआधीची, पूजा करून पहिली वेचणी सुरू होते, त्याच दिवशी घरात बसून शेवटच्या वेचणीची तारीख ठरवा. डिसेंबरअखेर, त्यापुढे नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा आणि घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. डिसेंबरात शेंड्याची फुलं डोळ्यांपुढे असताना हा निर्णय होत नाही, तो ऑक्टोबरातच घेतलेला असावा लागतो. ज्यांचं कोरडवाहू आहे त्यांना हा मोह कमीच, तिथे पीक आपोआप वाळतं. पण न फुटलेली किडकी बोंडं तिथेही झाडावर लटकत राहतात, ती विसरू नका.

शेवटच्या वेचणीनंतर मेंढ्या-शेळ्यांचा कळप दोन दिवस वावरात चरू द्या. हिरवी बोंडं, पाला, पात्या त्या फस्त करतात. मग पऱ्हाट्या मुळासकट उपटा. श्रेडरनं बारीक करून कंपोस्ट करता आलं तर उत्तम. घरामागे जळणासाठी पऱ्हाट्यांचे ढीग रचायची आपली जुनी सवय आहे, त्या ढिगातल्या बोंडांत अळी पावसाळ्यापर्यंत जिवंत राहते. जळणाला ठेवायच्याच तर बोंडं झाडून घ्या आणि उन्हाळ्यात ढीग संपवा. मार्च-एप्रिलात खोल नांगरट करा, मातीतले कोष उन्हानं मरतात.

भावाचंही असंच आहे. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पार गेला. पुढच्या हंगामात आठ-नऊ हजार मिळत असताना कितीतरी घरांनी तोच जुना आकडा मनात धरून कापूस घरात ठेवला. खोल्या छतापर्यंत भरल्या, लहान मुलांच्या अंगाला खाज सुटली, वजन घटलं आणि उन्हाळ्यात भाव सात हजारांच्या आसपास येऊन बसला. उद्याचा भाव कोणाला कळत नाही, व्यापाऱ्यालाही नाही. आपल्या हातात आहे ती प्रत. दंव उडाल्यावरच वेचा, पाला-कवडी वेगळी काढा, पहिल्या वेचणीचा कापूस शेवटच्यात मिसळू नका, उन्हात पसरून वाळवा. सीसीआय, म्हणजे सरकारचं भारतीय कापूस महामंडळ, आठ टक्के ओलाव्यावर पूर्ण हमीभाव देते, बारा टक्क्यांपर्यंत कपात करून घेते, त्यावर घेत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. सगळा माल एकदम विकू नका आणि सगळा अडवूनही ठेवू नका. देणं फेडण्यापुरता आधी विका, राहिलेल्याचे दोन भाग करून पुढे-मागे विका. सगळ्यात वरचा भाव साधणार नाही, पण सगळ्यात खालच्या भावात पूर्ण मालही जाणार नाही.

एक साधी वही ठेवा, हे मी फार आग्रहानं सांगतो. पेरणीची तारीख, त्याआधी पडलेला पाऊस, सापळ्यातले पतंग, फोडलेली बोंडं, कोणतं औषध किती आणि कधी, वेचणीचं वजन. हंगाम बुडाला की कास्तकार रात्री जागून स्वतःलाच दोष देतो, आणि गावही द्यायला कमी करत नाही. वही उघडली की दिसतं, इथे आठ दिवस उशीर झाला, ही आपली चूक, पुढच्या वर्षी सुधारू. आणि ही सलग बारा दिवसांची झड, ही आपली चूक नव्हे. ज्याची लाज बाळगायचं कारण नाही, त्याची लाज माणसाला आतून पोखरते. घरात कोणी गप्प गप्प राहू लागलं, जेवण सुटलं, झोप उडाली, तर त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर कोणत्याही वेळी फुकट फोन लागतो, मराठीत बोलता येतं. पीक गेल्यावर फोन करणं यात काहीही कमीपणा नाही.

राहिला शेजारी. तुम्ही वेळेत उपटलं आणि त्यानं फरदड ठेवली, तर? पतंग येणारच. तरीही तुमचं उपटा, कारण तुमच्या वावरातली अळी तरी तुमच्या हातानं संपते. त्याच्याशी भांडून उपयोग होत नाही. नोव्हेंबरातच त्याला आपल्या वावरात बोलवा आणि त्याच्यासमोर वीस बोंडं फोडा. आत काय आहे ते तो स्वतः पाहील. जमलं तर ग्रामसभेत विषय घ्या, कृषी सहायकांना बोलवा, पूर्ण शिवाराची एकच तारीख ठरवा, मेंढीवाल्यांना आधीच निरोप द्या आणि श्रेडर चार-पाच जणांत मिळून भाड्यानं आणा. एवढं करूनही तो म्हणाला, "नाही भाऊ, मी एक पाणी देतोच," तर बोलणं तिथेच थांबवा, पुढच्या वर्षी त्याच्या बाजूच्या धुऱ्याकडे दोन सापळे जास्त लावा आणि तिकडची बोंडं आधी फोडून पाहा.