प्रिंट उलटून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका

नाणी जमवणारी बरीच मंडळी रॉयल मॉन्डीच्या चांदीच्या नाण्यांवरून पुढे त्या समारंभाच्या जुन्या प्रेस फोटोंकडे वळतात. ठाणे-नवी मुंबईतल्या अशा सगळ्यांना कळकळीने सांगायचंय: विक्रेता फक्त पुढची बाजू दाखवत असेल तर मागच्या बाजूचा फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

ज्यांना रॉयल मॉन्डी हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी इंग्लंडचा राजा किंवा राणी वयस्कर माणसांना दान देते. राजाचं जेवढं वय तेवढे पुरुष आणि तेवढ्याच बायका, आणि वयाइतक्या पेन्सची खास नाणी चामडी बटव्यात. राजाने स्वतःच्या हाताने दान देणं दोनशेहून जास्त वर्षं बंद होतं, ते पंचम जॉर्जने 1932 मध्ये पुन्हा केलं. म्हणून त्या वर्षाच्या प्रिंटला मागणी जास्त, आणि नंतर काढलेल्या प्रतीही मूळ म्हणून खपवायला सोप्या.

आता फोटोची पाठ बघा. वृत्तसंस्थेचा रबरी शिक्का, टाइप केलेली कॅप्शनची चिठ्ठी, वर्तमानपत्राचा तारखेचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले आकडे. तारीख पडताळायला पंचांगासारखा हुकमी आधार आहे, कारण हा गुरुवार दरवर्षी सरकतो: 1932 मध्ये 24 मार्च, 1936 मध्ये (आठव्या एडवर्डचा एकमेव मॉन्डी) 9 एप्रिल, 1952 मध्ये (एलिझाबेथचा राणी म्हणून पहिला) 10 एप्रिल. 1953 चा समारंभ 2 एप्रिलला लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये झाला, कारण वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची तयारी चालू होती. तेव्हा ‘1953, ॲबी’ अशी चिठ्ठी दिसली की थांबा. शिक्का समारंभाच्या आधीचा असेल तर काहीतरी नक्की चुकलंय. नंतरचा असला तर घाबरू नका, तोच फोटो पुन्हा छापताना वर्तमानपत्रं नवा शिक्का मारत.

आपल्याकडच्या तुलादानाच्या फोटोंनाही हेच लागू. इस्माइली पंथाचे इमाम आगाखान तिसरे यांची तुला मुंबईत 1936 मध्ये सोन्याने, 1946 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिऱ्यांनी आणि 1954 मध्ये कराचीत प्लॅटिनमने झाली. चिठ्ठीवर नुसतं ‘आगाखानांची तुला’ असेल तर वर्ष ठरवल्याशिवाय भाव ठरवू नका.

कागद तपासायला दोनच वस्तू लागतात. दहापट भिंग: नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर तो छापखान्यातला छापील कागद, फोटो नव्हे; रंगीत बारीक तुषार दिसले तर इंकजेट. दुसरी वस्तू म्हणजे 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च. अंधारात कागद निळसर-पांढरा चमकला तर त्यात ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन) आहे, आणि ते फोटोच्या कागदात 1950 च्या दशकापासून रुळलं. म्हणजे चमकणारी ‘1932 ची’ प्रिंट नंतर काढलेली. उलट मात्र खरं नाही: न चमकणारा कागद जुनाच असतो असं नाही. काळ्या भागाच्या कडांना तिरप्या उजेडात निळसर चंदेरी झाक दिसली तर ती फोटोच्या थरातली चांदी वर आल्याची खूण. ती पुसायला जाऊ नका. चेहऱ्याभोवती हाताने लावलेला पांढरा-करडा रंग आणि क्रॉपच्या (फोटो कुठे कापायचा ते दाखवणाऱ्या) रेघाही तशाच राहू द्या. ते संपादकाच्या टेबलावरचं काम आहे, आणि मला तरी अशीच प्रिंट कोऱ्या प्रिंटपेक्षा जास्त मोलाची वाटते.

घरी आणल्यावर खरा शत्रू आपली हवा. खाडीलगतच्या इमारतीत पावसाळ्यात आर्द्रता सहज 80 टक्क्यांवर जाते. प्रिंटवरचा जिलेटिनचा थर ओल धरून फुगतो, चिकट होतो, बुरशी धरतो. त्यामुळे लॅमिनेशन नको (ते परत निघत नाही), सेलोटेप नको, फेविकॉल नको, पीव्हीसीचे अल्बम नकोत. प्लास्टिकच्या पाकिटातही दमट हवेत चकचकीत पृष्ठभाग चिकटतो, म्हणून आपल्याकडे ॲसिड-फ्री कागदाचं फोल्डर बरं. फोल्डर घट्ट झाकणाच्या डब्यात आडवे ठेवा, सोबत ओल शोषणारे नारिंगी सिलिका जेलचे दाणे आणि आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर. काटा 35 ते 50 टक्क्यांमध्ये हवा. फार खाली गेला तर प्रिंट वळते आणि जिलेटिनला तडे जातात. दाण्यांचा रंग बदलला की 120 अंशांवर दोनेक तास तापवून, गार करून परत ठेवा. डांबराच्या गोळ्या डब्यात नकोत. कसर लागू नये म्हणून डबा भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवा.

फ्रेम करायचीच असेल तर फ्रेमवाल्याला माउंट (कडेची पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, म्हणजे काच आणि प्रिंटमध्ये फट राहते. प्रिंट कोपऱ्यांच्या कागदी खिशांत अडकवा, मागून चिकटवू देऊ नका. चिठ्ठी आणि शिक्के आत बंद होणार, म्हणून आधी दोन्ही बाजू 600 डीपीआयला स्कॅन करून ठेवा. पावसाची झड बसते त्या भिंतीवर टांगू नका. आणि एखादी जुनी प्रिंट काचेला चिकटलेलीच हातात आली तर ओढू नका, पाणीही लावू नका. काचेसकट स्कॅन करा आणि ती तशीच काचेसकट फोटोंचं संवर्धन करणाऱ्याकडे न्या.