श्रवणयंत्राविषयी फिरणाऱ्या मजकुराबाबत खुलासा

श्रवणयंत्र लावल्यावर सर्व काही स्पष्ट ऐकू येते, त्यामुळे यंत्र लावूनही जो उत्तर देत नाही तो मुद्दाम दुर्लक्ष करतो, असा मजकूर सध्या गोव्यातील मराठी भाषकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा असून कर्णबधिरांवर अन्याय करणारा आहे.

श्रवणयंत्र आवाज मोठा करते. आंतरकर्णातील इजा झालेल्या संवेदी पेशी ते दुरुस्त करू शकत नाही, आणि म्हणूनच आवाज पोहोचला तरी शब्द उमगतीलच असे नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा कदंबच्या बसमध्ये इंजिन, गलबला आणि वाहकाची हाक हे सारे एकत्रच कानावर आदळते. ओठांवरून समजून घ्यावे, तर प, ब आणि म उच्चारताना ओठ सारखेच दिसतात. शिवाय पावसाळ्यातील दमट हवेने यंत्रात ओल शिरून ते मध्येच बंद पडू शकते. रात्री ते सिलिका जेल असलेल्या बंद डबीत ठेवावे, हे यंत्र देतानाच घरच्यांना सांगितले गेले पाहिजे.

उत्तर न मिळाल्यास समोर, उजेडात येऊन तेच वाक्य नेहमीच्या आवाजात, वेगळ्या शब्दांत सांगावे किंवा लिहून दाखवावे. ओरडू नये, कारण ओरडल्याने ओठांची ठेवण बदलते.