रंगखातं आणि डायरेक्टरची खुर्ची

बाबा गिरणीत रंगखात्यात होते. जेवायला बसले की पांढऱ्या भातात त्यांची निळी नखं फिरताना दिसायची. आई म्हणायची, "जरा घासून तरी या हो!" घासून जातोय कसला, व्हॅट रंग होता तो.

परवा कट्ट्यावर विषय निघाला. रसायनशास्त्राचे एक चांगले प्राध्यापक कुलगुरू होणार म्हणे. मित्र हळहळला, "गेला बिचारा फायलींत!" मला हे पटत नाही. म्हणजे अर्धंच पटतं.

आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीचे हेड प्रिन्सिपल झाले आणि लॅबची पायरी विसरले. ब्युरेटचे (द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीचे) नळ गळायचे, आम्ही व्हॅसलीन चोपडून रीडिंग घ्यायचो. सरांच्या केबिनवर मात्र लाल दिवा लागलेला. पण हा दोष खुर्चीचा कसा?

माटुंग्याच्या यूडीसीटीचं, म्हणजे केमिकल टेक्नॉलॉजी शिकवणाऱ्या आताच्या आयसीटीचं उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठाचा हा विभाग १९३३ साली निघाला. गिरण्यांचं शहर, त्यामुळे केमिकल इंजिनिअरिंगच्या जोडीला टेक्स्टाइल केमिस्ट्री पहिल्यापासून होतीच. १९३८ मध्ये के. वेंकटरामन तिथले पहिले भारतीय डायरेक्टर झाले. मँचेस्टरला रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे शिकलेला माणूस. लाहोरला शिकवत असताना फ्लेव्होन (झाडांत सापडणारी एक जातीची संयुगं) बनवण्याची जी वाट त्यांनी शोधली, ती 'बेकर-वेंकटरामन' नावानं एमएस्सीची पोरं आजही परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात. (मीही घोकली. अभिक्रियेतला बाण नेमका उलटा काढून आलो.)

डायरेक्टर झाल्यावर त्यांनी फक्त सह्या केल्या असत्या तर कोण विचारणार होतं? १९४३ मध्ये विभागाचं बिऱ्हाड माटुंग्याला आलं, तेही त्यांच्याच काळात. आणि खुर्चीत असतानाच १९५२ साली त्यांचे कृत्रिम रंगांच्या रसायनावरचे दोन जाडजूड इंग्रजी खंड निघाले. पुढे त्या मालिकेचे आठ झाले. जगभरचे रंगवाले ते उघडून बसायचे. आमच्या बाबांच्या गिरणीतल्या मास्तरांच्या टेबलावर असतील का, देव जाणे.

१९५७ ला ते पुण्याला एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे डायरेक्टर झाले. तिथे तर कारभार आणखी मोठा. तरी १९६५ साली त्यांच्या नावावर शोधनिबंध आहे फणसाच्या लाकडातल्या पिवळ्या रंगद्रव्यांवर. फणसाच्या! गावी आमच्या देवघरातला पाट फणसाचाच आहे. नवी फळी कापली की कशी पिवळीधमक दिसते, हे कोकणातल्यांना सांगायला नको.

बाबांना हे ऐकवायचं राहून गेलं. नखं बघत त्यांनी एकच विचारलं असतं, "पक्का बसतो का रे तो रंग?"