पुणे–नागपूर विमानप्रवासाबाबत खुलासा
पुणे ते नागपूर हवाई अंतर ७०० किलोमीटरहून अधिक असून विमान ते पाऊण तासात कापते, तरी वेळापत्रकात सुमारे दीड तास दाखवून प्रवाशांची दिशाभूल होते, असा संदेश सध्या फिरत आहे. हे चुकीचे आहे. ७०० हा आकडा रस्त्याचा. पुण्याचे लोहगाव विमानतळ ते नागपूरचे सोनेगाव विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटरने भागले की पाऊण तास येतो खरा, पण तो वेग विमान उंचीवर स्थिरावल्यानंतरचा असतो. वेळापत्रकातील वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून पोहोचून उभे राहीपर्यंतची असल्यामुळे तीत धावपट्टीपर्यंतची चाल, चढण आणि टप्प्याटप्प्याने उतरणेही येते. पुढची गाडी पकडायची असेल, तर हिशेब वेळापत्रकावरूनच करावा.